साठ दिवसांचं कलम

नेपाळातल्या घोराहीहून पहाटे सुटलेल्या जीपमध्ये आम्ही अकरा जण होतो. पायाशी कोंबड्यांची डालगी, टपावर पत्रे आणि सिमेंटची पोती. डांगचं सपाट खोरं मागे पडलं, गाडी रोल्पाच्या चढाला लागली आणि बोलणं जुन्या दिवसांवर आलं. ‘संकटकाला’त हा रस्ता असा नव्हता, ड्रायव्हर दाइ म्हणाला. मागच्या बाकावरचे निवृत्त मास्तर ‘द्वंद्वकाल’ म्हणत होते. कोपऱ्यातल्या पस्तिशीच्या बाईनं ‘जनयुद्ध’ म्हटलं आणि म्हणताना तिची मान ताठ झाली. माझ्या शेजारच्या आजी मात्र ‘त्यो बेला’ म्हणत राहिल्या. ती वेळ. एवढंच.

माणूस माओवादी युद्धाच्या त्या दहा वर्षांना कुठल्या नावानं हाक मारतो ते आधी ऐक दिदी, मग पुढचे प्रश्न विचार, असं बहिनीनं मला आदल्या रात्री बजावलं होतं. बहिनी म्हणजे माझी वाटाडी, दुभाषी आणि पुढच्या नऊ दिवसांची सोबतीण. तिचं नाव इथे लिहीत नाही. या प्रवासात भेटलेल्या कोणाचंच लिहिणार नाही, कारण रोल्पातली गावं लहान आहेत आणि जखमा अजून ओल्या आहेत.

मी इथवर आले ती एका कलमामुळे. २१ नोव्हेंबर २००६ रोजी काठमांडूत पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी ‘विस्तृत शांती सम्झौता’ केला आणि माओवाद्यांचं दहा वर्षांचं सशस्त्र युद्ध थांबलं. तो करार मी काही वर्षांपूर्वी सावकाश वाचला होता. त्यात एक वाक्य आहे: बेपत्ता केलेल्या आणि युद्धात मारल्या गेलेल्या माणसांची नावं आणि पत्ते दोन्ही बाजूंनी साठ दिवसांत जाहीर करायचे आणि घरच्यांना कळवायचं. साठ दिवस. मी २०२४ च्या नोव्हेंबरात तिथे पोचले तेव्हा त्याला अठरा वर्षं होत आली होती. करारानं दिलेलं बाकी काय काय डोंगरातल्या गावांपर्यंत पोचलं आणि हे एकच का नाही, ते मला माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘बेपत्ता’ हा शब्द नेपाळीतही ‘बेपत्ता’च आहे. देवनागरी पाट्या आपल्याला वाचता येतात, अर्ध्याअधिक शब्दांचा अर्थ लागतो आणि त्यामुळे नेपाळ परका वाटत नाही. पण हा शब्द पहिल्यांदा एका पत्रकावर दिसला तेव्हा मी तिथेच थबकले होते. दुसऱ्या कुठल्या देशात मला त्याचं भाषांतर विचारावं लागलं असतं. इथे तो थेट आत शिरला.

घोराही हे तसं भरभराटीचं गाव. पण २००१ च्या नोव्हेंबरात माओवाद्यांनी इथल्या लष्करी बराकीवर हल्ला केला, तीनच दिवसांत देशात संकटकाल, म्हणजे आणीबाणी, जाहीर झाला आणि तोवर पोलिसांपुरती असलेली लढाई सैन्याची झाली. सुमारे सतरा हजार मृत्यूंपैकी बहुतेक त्यानंतरचे. संकटकाल म्हणणारी माणसं तिथूनच मोजायला सुरुवात करतात.

बहिनी घोराहीजवळच्या थारू या आदिवासी समाजाच्या वस्तीतली. जन्म १९९६ चा, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याच वर्षीचा. ती नऊ वर्षांची असताना माघीच्या सणाला तिच्या वडिलांनी तिला एका घरी कमलरी म्हणून पाठवलं. माघीच्या दिवशी थारू घरांमध्ये वर्षभराचे करार ठरत: कोण कोणाच्या शेतावर, कोणाची मुलगी कोणाच्या घरी भांडी घासायला. मोबदला वर्षाला काही हजार रुपये आणि शाळेत घालू असं एक वचन. त्या घरात तिनं तीन वर्षं काढली. शाळेचं दार एकदाही पाहिलं नाही. पुरुषांची वेठबिगारी, कमैया प्रथा, २००० सालीच कायद्यानं संपली होती, पण मुलींच्या या पाठवणीकडे कोणी वेठ म्हणून बघितलंच नाही. सुटून आलेल्या मुलीच नंतर गावोगाव फिरल्या, पथनाट्यं केली, मालकांच्या दारात जाऊन बसल्या, आणि २०१३ मध्ये सरकारला ही प्रथा बंद झाल्याचं जाहीर करावं लागलं.

‘मोर्चात आम्ही ओरडत होतो तेव्हा पोलीस होते, पण गोळीची भीती नव्हती,’ बहिनी म्हणाली. ‘युद्ध चालू असतं तर थारू मुलींचा मोर्चा कोणी निघू दिला असता? दोन्हीकडच्यांनी विचारलं असतं, तुम्ही कोणाच्या?’

मला वाटतं शांततेचा हा फायदा कुठल्या आकड्यात मावत नाही. बंदुका बोलत असतात तेव्हा बाकीच्या सगळ्या तक्रारी रांगेत मागे जातात. आधी हे मिटू दे, मग तुझं बघू. बंदूक गप्प झाली की मागे ढकललेले सगळे एकदम पुढे येतात: थारू, तराईतले मधेसी, दलित, बाया, अपंग. बाहेरून बघणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. नेपाळात २००६ नंतरची दहा वर्षं तशीच गेली. बंद, चक्का जाम, कोसळणारी सरकारं, दोनदा निवडलेली संविधान सभा. पण बहिनीसारखी माणसं त्या गोंधळातूनच बोलती झाली.

होलेरीला जीप चहासाठी थांबली. १३ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री ज्या पोलीस चौक्यांवर पहिले हल्ले झाले त्यातली एक इथली. आज डोंगराच्या सोंडेवर दुकानांची रांग आहे, शाळेत निघालेली पोरं आहेत. रिबिनी बांधलेल्या मुलींचा घोळका बघून जनयुद्ध म्हणणाऱ्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. ‘आमच्या वेळी वर्गात मी एकटी होते.’

तिच्याशी पुढे बरंच बोलणं झालं. पंधराव्या वर्षी ती ‘घर सोडून’ गेली. इथे लढायला जाण्याला तसंच म्हणतात. करारानंतर माओवादी सैनिकांना सात मुख्य शिबिरांत ठेवलं, त्यातलं पाचवं रोल्पातल्या दहवनला. शस्त्रं कंटेनरमध्ये कुलूपबंद, किल्ली त्यांच्याकडे, पहारा संयुक्त राष्ट्रांचा. मग पडताळणी झाली. १९,६०२ जण लढवय्ये ठरले, त्यात साडेतीन हजारांहून जास्त बाया. चार हजारांच्या आसपास माणसं बाद झाली. काही उशिरा भरती झालेली, आणि जवळजवळ तीन हजार युद्धविरामाच्या दिवशी अठराच्या आतली. या बाद झालेल्यांना कागदोपत्री नाव मिळालं ‘अयोग्य लडाकू’. ती त्यातली. गोळी लागलेला खांदा योग्य होता, मी अयोग्य, ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पुढे पात्र ठरलेल्यांतले जेमतेम चौदाशे नेपाळी सैन्यात गेले, बाकी बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती पत्करली. अयोग्य ठरलेल्यांच्या हाती शिवणकामाच्या किंवा तशाच एखाद्या प्रशिक्षणाचं कार्ड.

तिनं शिबिरातच लग्न केलं होतं, दुसऱ्या जातीच्या मुलाशी. पक्षानं हार घातले. घरी आल्यावर सासूनं चूल वेगळी केली. आता नवरा मलेशियात, तिचं होलेरीच्या पुढे शिलाईचं दुकान, मुलगी आठवीत. सासू म्हातारी झाली, आता तिच्याच हातचं खाते. पंधरा वर्षं लागली त्याला.

शाळा, दवाखाने, रस्ते यांच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं श्रेय कराराला देता येत नाही. नेपाळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू १९९६ च्या पाहणीत ५३९ होते, २००६ च्या पाहणीत २८१. म्हणजे मोठी घट ऐन युद्धाच्या दशकात झाली. गरिबीही त्याच काळात कमी व्हायला लागली, आणि त्याचं मोठं कारण फार कष्टाचं आहे: जीव वाचवायला आणि पोट भरायला तरणी माणसं भारतात, आखातात, मलेशियात गेली आणि पैसे पाठवू लागली. शांतता आल्यावर ती परतली नाहीत. उलट आणखी गेली. आज देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथा हिस्सा हा परदेशातून आलेला पैसा आहे. मी गेले त्या प्रत्येक घराच्या भिंतीवर काच लावलेल्या चौकटीत एक माणूस होता. कुठे शहीद, कुठे कतारला. बहिनीला विचारल्याशिवाय मला फरक कळायचा नाही.

तरी डोंगरातल्या एका प्रसूती केंद्रात अर्धा दिवस बसल्यावर शांततेचा हिस्साही दिसला. आरोग्य चौकीला लागून दोन खोल्या, एक खाट, सौर पट्टीवर चालणारा दिवा आणि एक नर्स. तिच्या शेजारी साठीच्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका, गावातल्याच. १९८८ पासून चालत आलेली ही फळी आहे, देशभरात पन्नास हजारांच्या आसपास बाया, जवळपास विनापगारी. ‘त्यो बेला’ या आजी रात्री बाळंतपणाला निघाल्या की हातात दिवा धरायच्या नाहीत. दिवा दिसला तर सैन्य समजायचं माओवादी, माओवादी समजायचे सुराकी. सुराकी म्हणजे खबऱ्या. तो शब्द अंगाला चिकटला की माणूस संपला. मग अंधारात, पाय चाचपत. एकदा पोचेपर्यंत बाई गेली होती. आजींनी ते सांगितलं आणि लगेच उठून मला रजिस्टर दाखवायला लागल्या.

रजिस्टर जाड होतं. २००९ पासून ‘आमा’, म्हणजे आई, या नावाच्या कार्यक्रमात सरकारी केंद्रात बाळंतपण फुकट आहे, वर वाटखर्चासाठी रोख पैसे मिळतात. हिमाली जिल्ह्यांत जास्त, पहाडात त्याहून कमी, तराईत सगळ्यात कमी, कारण वाट तशी. २००६ मध्ये शंभरातली अठरा बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०२२ च्या पाहणीत एकोणऐंशी. २०२१ च्या जनगणनेत मातामृत्यूचा आकडा १५१ वर आला. आजींना हे आकडे माहीत नव्हते. त्यांनी रजिस्टरच्या एका पानावर बोट ठेवलं. त्या महिन्यात नऊ बाळंतपणं, नऊ बाया घरी चालत गेलेल्या. ‘आता दिवा हातात घेऊन जाते,’ त्या म्हणाल्या. ‘दोन दिवे घेते.’

गाउँपालिकेच्या इमारतीला नवा रंग होता. ‘गाउँगाउँमा सिंहदरबार’ ही घोषणा नेपाळात सगळ्यांना पाठ आहे. सिंहदरबार म्हणजे काठमांडूतलं सचिवालय, आणि ती सत्ता गावागावात आणायची म्हणून २०१५ च्या संविधानानुसार देशाची ७ प्रांत आणि ७५३ स्थानिक सरकारांत मांडणी झाली. २०१७ च्या स्थानिक निवडणुका वीस वर्षांनंतरच्या पहिल्या. नियम असा केला की पक्षानं प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही जागा लढवल्या तर त्यात एक उमेदवार स्त्री हवी, आणि प्रत्येक वॉर्डात दोन बाया, त्यातली एक दलित. त्या निवडणुकीत निवडून आलेल्यांत शंभरातल्या एक्केचाळीस बाया होत्या.

या गाउँपालिकेच्या उपप्रमुख, म्हणजे उपाध्यक्ष, याही जुन्या लढवय्या. पंचेचाळिशीच्या आत-बाहेर, केस घट्ट बांधलेले, समोर टेबलावर फायलींची चवड. उपाध्यक्षांकडे न्यायिक समिती असते. कायद्यानं तेरा प्रकारच्या तंट्यांत निवाडा द्यायचा, आणखी अकरा प्रकारांत मेलमिलाप करायचा, म्हणजे समेट. पाटाचं पाणी, गुरांनी खाल्लेलं पीक, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणारे मुलगे. मी बसले होते तेव्हा एक सत्तरीची बाई दोन मुलांना घेऊन आली होती. थोरला म्हणे धाकट्याकडे राहा, धाकटा म्हणे जमीन थोरल्याला जास्त गेली. उपाध्यक्षांनी तासभर ऐकलं, धाकट्याला दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

ते गेल्यावर म्हणाल्या, ‘तेव्हा आमच्या जनअदालतीत निकाल एका संध्याकाळी लागायचा. लोक मान खाली घालून ऐकायचे. मला वाटायचं आम्ही न्याय देतोय. आता तीन-तीन तारखा होतात, लोक माझ्याशी भांडतात, वर जिल्हा अदालतीत जातो म्हणून धमकावतात. जाऊ देत. माझ्यापुढे आता कोणी घाबरत नाही.’

हे मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. त्या जनअदालतींत काय काय घडलं हे रोल्पात कोणी विसरलेलं नाही, आणि त्याही विसरल्या नव्हत्या.

त्यांची तक्रार वेगळी होती. २०१७ मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त उपप्रमुख बाया होत्या. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या केल्या, एकानं प्रमुखाची जागा घेतली, दुसऱ्यानं उपप्रमुखाची. एकाच जागेवर उमेदवार द्यायचा तर स्त्री हवी ही अट लागत नाही. दोन्ही जागांवर पुरुष उभे राहिले आणि बायांच्या हातून उपप्रमुखपदाच्या शे-दीडशे जागा गेल्या. ७५३ पैकी प्रमुख झालेल्या बाया २०१७ मध्ये अठरा होत्या, २०२२ मध्ये पंचवीस. ‘बंदुकीसाठी बाई चालली, उपाध्यक्ष चालली. अध्यक्ष म्हटलं की सगळे पक्ष एक होतात,’ त्या म्हणाल्या.

वॉर्डाच्या दलित सदस्याशी मी कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसून बोलले. तिथे बसू या असं तिनंच सुचवलं. २०१७ मध्ये तिच्यासारख्या साडेसहा हजारांवर दलित बाया एका झटक्यात वॉर्डांत आल्या. जगात कुठे असं झालं असेल असं मला वाटत नाही. बैठकीत ती सगळ्यांबरोबर टेबलाला बसते, तोच चहा, तेच कप. रस्त्याचं बजेट ठरताना तिनं तिच्या वस्तीचा नळ भांडून मिळवला. पण अध्यक्षांच्या घरी पूजेला जाते तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबते. कोणी सांगत नाही. तिलाच कळतं.

‘त्यो बेला पार्टीवाले सगळ्यांना सगळ्यांच्या घरात घालायचे,’ ती म्हणाली. ‘पार्टी गेली, दारं परत लागली. पण कायदा आता आहे.’ कायदा खरंच आहे. २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, घराच्या आतल्या शिवाशिवीलाही तो लागू होतो. आणि शेजारच्या पश्चिम रुकुममध्ये, जिथे एके काळी माओवाद्यांनी जातिभेद संपल्याची घोषणा केली होती, तिथे २३ मे २०२० रोजी सोती गावात सहा तरुणांचा जीव गेला. एक दलित मुलगा वरच्या जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांना घेऊन गेला होता. जमावानं दगड मारत त्यांना भेरी नदीपर्यंत पिटाळलं. २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयानं वीसहून अधिक जणांना जन्मठेप दिली. युद्धाच्या धाकानं उघडलेलं दार टिकलं नाही. कायद्यानं उघडलेलं टिकेल का, हे तिला विचारायचं माझ्या मनात होतं, पण बैठकीची घंटा झाली आणि ती उठून आत गेली.

थबांगला जाणारा रस्ता युद्धकाळातच खोदलेला. माओवाद्यांनी घरटी माणसं कामाला लावून तो काढला, नाव ठेवलं शहीद मार्ग. कोणी अभिमानानं राबलं, कोणी नाइलाजानं. दोन्ही प्रकारची माणसं त्याच रस्त्यानं आज बाजाराला जातात. नोव्हेंबरच्या अखेरीचं ऊन तिरपं होतं, नाचणीची कापणी झालेली, ओसरीच्या तुळयांना मक्याच्या कणसांच्या पिवळ्या माळा. वळणावर बायांचा एक घोळका अल्लोचं सूत कातत चालत होता. अल्लो म्हणजे डोंगरातली अंगाला खाज आणणारी रानवनस्पती, तिच्या सालीचा धागा निघतो. चालता चालता कातणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

थबांग हे खाम मगर लोकांचं गाव, माओवादी चळवळीचं माहेर म्हणतात ते. युद्धात जळलेलं. आता दगडी घरांवर रंगीत पत्रे आहेत आणि खोलीच्या दाराशी ‘होमस्टे’ अशी पाटी. पर्यटक ‘गुरिल्ला ट्रेक’ करायला येतात, म्हणून.

आम्ही राहिलो त्या घरच्या आमा पन्नाशीच्या. धिंडो आणि गुंद्रुकचं सार वाढताना त्यांनी मला तीनदा विचारलं की तिखट जास्त नाही ना. त्यांच्या नवऱ्याला विक्रम संवत २०५९ सालच्या, म्हणजे २००२ च्या, वैशाखात सैन्यानं शेतातून नेलं. मुलगी दीड वर्षाची होती. त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. सरकारकडून थोडी थोडी करून मदत आली, पुढे सगळी मिळून दहा लाखांपर्यंत. त्यातून छप्पर झालं आणि मुलगी नर्सिंगला गेली.

‘पैसे घेतले म्हणजे तो मेला असं मी कबूल केलं का?’ त्यांनी मला विचारलं. मी काय बोलणार.

नेपाळात विधवा शब्द आता टाळतात, एकल महिला म्हणतात. पण आमा त्यातही बसत नाहीत. कुंकू लावलं तर शेजारीण बघते, नाही लावलं तर सासू रडायची. बारा वर्षं काही खबर नसेल तर कायदा माणूस मेला असं धरतो, तेव्हा कुठे जमीन नावावर करता आली. मुलीच्या नागरिकत्वाच्या कागदावर बापाची सही कोण करणार म्हणून वर्षभर खेटे. काही घरांनी कुशाचा पुतळा करून जाळला आणि तेरावं उरकलं. आमांनी नाही केलं. मगर घरांत बायांनी शेतातलं सगळं केलेलं असतं, फक्त नांगर धरायचा नाही. तो त्यांनी धरला. पहिल्या वर्षी म्हातारे म्हणाले पाऊस पडणार नाही. पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्यांच्याबरोबर आणखी एक बाई होती, वयानं थोडी मोठी, हंडा एकमेकींना उचलून देत होत्या. वाटेनं परतताना बहिनीनं हळूच सांगितलं, तिचा नवराही बेपत्ता. त्याला माओवाद्यांनी नेलं, सुराकी म्हणून. आमांचा दीर तेव्हा पार्टीत होता. कित्येक वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. मग तक्रारी नोंदवायला एकाच दिवशी एकाच जीपमधून जावं लागलं.

त्या तक्रारी २०१६ मधल्या. करारानं कबूल केलेला सत्य निरूपण आयोग आणि बेपत्ता व्यक्तींचा आयोग कागदावरून प्रत्यक्षात यायला २०१५ उजाडलं. सत्य आयोगाकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, बेपत्ता आयोगाकडे तीन हजारांहून अधिक. रेड क्रॉसच्या यादीत आजही तेराशेहून जास्त नावं आहेत. मी गेले तोवर आयोगाकडून एकाही घराला पक्कं उत्तर गेलेलं नव्हतं. २०२२ च्या उन्हाळ्यापासून दोन्ही आयोगांवर आयुक्तच नव्हते. मी गेले त्याच्या तीन महिने आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, संसदेत या आयोगांच्या कायद्याची दुरुस्ती एकमतानं झाली. काठमांडूत तिचं मोठं स्वागत झालं. थबांगच्या ओसरीवर ती बातमी पोचली होती, पण कोणी तिच्यावर बोट ठेवून काही मागत नव्हतं.

मला यात सगळ्यात जास्त हे लागतं की दोन्ही बाजूंना उत्तर माहीत आहे. ज्यांनी नेलं ती माणसं हयात आहेत, काही निवृत्त झाली, काही मंत्री झाली. रस्ता बांधायला पैसा लागतो, दवाखान्याला नर्स लागते, अध्यक्षपदी बाई यायला पिढी जावी लागते. हे सांगायला काहीच लागत नव्हतं. फक्त बोलायचं होतं. आणि नेमकं तेच एक कलम इतकी वर्षं तसंच पडून आहे, कारण इथे एकानं तोंड उघडलं तर दुसऱ्यालाही उघडावं लागेल, आणि सैन्य असो वा पक्ष, दोघंही एकमेकांचं मौन सांभाळून आहेत.

निघायच्या आदल्या रात्री आमांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेला कागद होता, तक्रारीचा निस्सा, म्हणजे पोच. तो मिळाला तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला होता. नंतर त्या आमा समूहातल्या बायांबरोबर प्रौढांच्या वर्गाला जायला लागल्या, बचतीच्या वहीत आपणच नाव लिहायचं म्हणून. दोन हिवाळे गेल्या. मग एकदा घरी कोणी नसताना पेटी उघडून कागद स्वतः वाचला.

मुलीचा फोन आला होता, तो कानाशी धरूनच त्यांनी दिवा जवळ घेतला. ‘थांब गं, दिदीला वाचून दाखवते,’ असं काहीतरी तिला म्हणाल्या. मग अक्षराखाली बोट सरकवत, एकेक जोडाक्षर फोडत, नवऱ्याचं नाव वाचलं. गावाचं नाव वाचलं. वॉर्ड नंबर. निवेदकाशी नातं: पत्नी. तिथे थोडा श्वास घेतला. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, आणि तो मलाही वाचता येत होता, पण मी गप्प राहिले आणि त्यांचं बोट त्या तीन अक्षरांवरून पुढे जाईपर्यंत थांबले.